गोंधळाआडचा निरोप

मराठीतल्या 'गोंधळ' या शब्दाची मोठी गंमत आहे. वर्गात मास्तर नसले की जो होतो तो गोंधळ, आणि लग्नकार्य पार पडल्यावर कुलदेवतेसाठी घरी घालतात तोही गोंधळच. पहिल्यात कशाचा कशाला मेळ नसतो. दुसऱ्यात चौक मांडण्यापासून आरतीपर्यंत सारे ठरलेले असते. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांना मानणाऱ्या मराठवाड्यात हा दुसरा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. संबळ घुमतो, तुणतुणे वाजते, दिवटी पेटते. परक्या माणसाला तो नुसता कल्लोळ वाटेल; पण ज्याला माहीत आहे त्याला त्यातली प्रत्येक पायरी ओळखू येते.

या गोंधळी मंडळींकडे करपल्लवी नावाची एक कला असते. ही बोटांची सांकेतिक भाषा. जमलेल्यांपैकी कुणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगावे, त्याने हाताच्या खुणांनी ते दूर उभ्या असलेल्या आपल्या जोडीदाराला कळवावे आणि त्या जोडीदाराने ते नाव भर मंडपात जाहीर करावे. निरोप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातो, पण कळतो एकालाच.

गणित आणि पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जवळजवळ हाच खेळ विजेच्या आणि प्रकाशाच्या लहरींवर करून पाहिला. वरकरणी वेडावाकडा, बेताल वाटणारा संदेश तारेवरून पाठवायचा, त्याच्या आड खरा निरोप दडवायचा, आणि पलीकडच्या जोडीदाराने तो अलगद वेगळा काढायचा. याला म्हणतात केऑसच्या साहाय्याने गुप्त संदेशवहन. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. दुसऱ्याच्या पैशाचा निरोप एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप कसा पोचवायचा, हा त्या नोकरीचा रोजचा प्रश्न होता. त्यामुळे या विषयाने मला खुणावले यात नवल नाही. त्याची कहाणी यशाची आहे तशीच फजितीचीही आहे, आणि तिच्यातला धडा आज मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्या प्रत्येक घराला लागू पडतो.

तीन आकडे कमी पडले

केऑस म्हणजे काय, हे आधी पाहू. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे एक सोपे गणित सोडवत होते. आधीचा एक भाग पुन्हा तपासावा म्हणून त्यांनी मधलाच एक आकडा संगणकाला दिला. संगणकाच्या पोटात तो ०.५०६१२७ असा होता. छापील कागदावर जागा वाचवण्यासाठी ०.५०६ एवढाच उमटलेला होता. लॉरेन्झ यांनी कागदावरचा आकडा भरला आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो थोड्या काळानंतरचे हवामान आधीच्यापेक्षा पार निराळे! नियम तेच, यंत्र तेच. फरक फक्त हजाराव्या भागाच्याही आतला. १९६३ साली त्यांनी यावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो पुढे या शास्त्राचा पाया ठरला.

हा प्रयोग घरी करता येतो. मुलांचा कॅल्क्युलेटर घ्या. शून्य आणि एक यांच्या मधला एक आकडा निवडा. तो १ मधून वजा करा, आलेल्या उत्तराने मूळ आकड्याला गुणा आणि गुणाकाराची चौपट करा. जे येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया. ०.३ पासून सुरुवात केली तर ०.८४, मग ०.५३७६, मग ०.९९४ असे आकडे येतात. आता शेजारी ०.३०१ पासून दुसरी रांग मांडा. तिसऱ्या पायरीला दोन्ही रांगा ०.९९४ आणि ०.९९६, म्हणजे खांद्याला खांदा लावून चाललेल्या असतात. पाचव्या पायरीला ०.०८८ आणि ०.०६९. दहाव्या पायरीला एकीत ०.०४३ आणि दुसरीत ०.६२०! सख्ख्या बहिणी एकमेकींना ओळखेनाशा झाल्या.

यात नशिबाचा भाग कुठेही नाही. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यावरून नियमाने येतो. तरीही पुढचे लांबचे भाकीत करता येत नाही, कारण सुरुवातीची बारीकशी चूक दर पायरीला फुगत जाते. नियमबद्ध असूनही बेभरवशाचे, ते केऑस. शाळेतल्या गोंधळापेक्षा देवीच्या गोंधळाशी त्याचे नाते जवळचे आहे.

पाणचक्कीचे बेभान भावंड

आमच्या छत्रपती संभाजीनगरात आलेला पाहुणा पाणचक्की पाहिल्याशिवाय परतत नाही. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणायचे, उंचावरून पात्यांच्या चक्रावर सोडायचे आणि त्या जोरावर दळण दळायचे, अशी ही जुनी करामत. पाण्याची धार एकसारखी, म्हणून चक्राची गतीही एकसारखी.

आता कल्पना करा, की जत्रेतल्या पाळण्यासारखे एक उभे चक्र आहे. त्याच्या कडेला डबे टांगले आहेत आणि प्रत्येक डब्याच्या बुडाला भोक आहे. वरून एकसारखी धार धरली. वरचा डबा भरतो, जड होतो, चक्र फिरू लागते. खाली जाता जाता डबा गळून हलका होतो. धार, गळती आणि आसाचे घर्षण यांचे प्रमाण विशिष्ट ठेवले, तर हे चक्र कधी उजवीकडे फिरते, मध्येच थबकते, डावीकडे वळते, आणि दिशा केव्हा बदलेल याचा नेम नसतो. एमआयटीमध्येच विलेम माल्कस यांनी अशा चक्राचा विचार केला, आणि त्याची समीकरणे लॉरेन्झ यांच्या समीकरणांशीच जुळतात. एकसारख्या धारेतून बेभान गती!

अशी दोन चक्रे दोन गावी ठेवली तर ती एकमेकांसारखी कधीच फिरणार नाहीत, असे कुणीही म्हणेल. दहाव्या पायरीला दोन रांगा कशा विखुरल्या ते आपण नुकतेच पाहिले. म्हणूनच १९९० साली वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील लुई पेकोरा आणि थॉमस कॅरोल यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने अभ्यासक चकित झाले. त्यांनी दाखवले, की दोन केऑसग्रस्त यंत्रणा अगदी बरोबरीने चालवता येतात. पहिलीतली एक गोष्ट मात्र दुसरीला सतत कळवली पाहिजे.

आपल्या चक्रांवर हे सहज समजते. पहिले चक्र क्षणोक्षणी किती वेगाने आणि कुठल्या दिशेने फिरते आहे, एवढेच दुसऱ्या गावी कळवा आणि तिथले चक्र त्याच वेगाने फिरवा. सुरुवातीला त्याच्या डब्यांत पाणी कसेही भरलेले असो, ते जुने पाणी भोकांतून गळून जाते. नवे पाणी पहिल्या चक्राच्याच तालावर भरले जाते. थोड्याच वेळात दोन्ही चक्रांवरची पाण्याची वाटणी हुबेहूब सारखी होते. डब्यांतले पाणी कुणी कळवले नव्हते, तरी ते जुळले. अट एकच: दोन्हीकडची भोके, धार आणि घर्षण तंतोतंत सारखे हवे. ज्याच्याकडे तसेच चक्र नाही, त्याला वेगाचे आकडे मिळूनही उपयोग नाही. म्हणजे ही मापे हीच किल्ली झाली.

झाकलेला निरोप

यापुढची पायरी १९९३ साली एमआयटीतील केव्हिन क्युओमो आणि ॲलन ओपनहाइम यांनी गाठली. त्यांनी लॉरेन्झ यांच्या समीकरणांवर चालणारी विजेची मंडले बांधली. एका मंडलातून निघणाऱ्या बेताल लहरीत बोलण्याचा क्षीण आवाज मिसळला आणि ती मिसळ पलीकडे पाठवली. पलीकडचे जुळे मंडल त्या लहरीबरोबर ताल धरते आणि आपल्यापुरती शुद्ध बेताल लहर नव्याने तयार करते. आलेल्या मिसळीतून ही शुद्ध लहर वजा केली, की खाली उरतो तो निरोप. गजबजलेल्या आठवडी बाजारात कुणी हळूच बोलावे आणि ऐकणाऱ्याला बाजाराचा सगळा कलकलाट वजा करता यावा, तसेच काहीसे.

याच वर्षी महाराष्ट्रातही या प्रश्नाच्या एका नाजूक अंगावर काम झाले. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील आर. ई. अमृतकर आणि नीलिमा गुप्ते यांनी विचारलेला प्रश्न साधा, पण नेमका होता. पहिल्या यंत्रणेची खबर दुसरीला सतत न देता ठरावीक अंतराने, टप्प्याटप्प्याने दिली तर? ताल जुळेल का, आणि जुळायचा तर अंतर किती असावे? १९९३ साली 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यांचा निबंध आला. आज आपले बोलणे, छायाचित्रे, पैसे, सारेच सुट्या आकड्यांच्या रूपात प्रवास करते. सलग लहर म्हणून नव्हे. त्या दृष्टीने हा प्रश्न किती दूरचा विचार करणारा होता, हे आता ध्यानात येते. पुढे २०११ च्या सुमारास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील सचिन भालेकर आणि पुणे विद्यापीठातील वर्षा दफ्तरदार-गेज्जी यांनी केऑस दाखवणारी एक नवी समीकरणमाला मांडली आणि तिच्या जुळणीचाही अभ्यास केला. जगभरचे अभ्यासक ती 'भालेकर-गेज्जी प्रणाली' म्हणून ओळखतात.

चोराचे गणित

आता फजितीकडे वळू. १९९४ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे केव्हिन शॉर्ट यांनी दाखवून दिले, की अशा प्रकारे झाकलेला निरोप किल्लीशिवायही उकलता येतो. त्यांनी जुळे मंडल बांधले नाही, की त्याची मापे शोधली नाहीत. त्यांनी फक्त तारेवरून जाणारी लहर न्याहाळली. केऑसचे लांबचे भाकीत अशक्य असले, तरी अगदी पुढच्या क्षणाचे भाकीत करता येते. आपल्याही दोन रांगा पहिल्या तीन पायऱ्या बरोबरच चालल्या होत्या. शॉर्ट यांनी लहरीच्या आधीच्या वळणांवरून तिचे पुढचे वळण बांधले, ते प्रत्यक्ष लहरीतून वजा केले, आणि निरोप हाती आला.

निरोप क्षीण ठेवावा तर ताल नीट जुळतो, पण मग लहरीचे मूळचे वळणही चोराला स्वच्छ दिसते. निरोप मोठा करावा तर जुळणीच बिघडते. ज्या शिस्तीमुळे मित्राला निरोप कळतो, तीच शिस्त चोरालाही वाट दाखवते.

दुसरी अडचण संगणकाची. केऑसचे आकडे थेट संगणकावर काढून त्यांनी मजकूर झाकावा, ही कल्पना १९८९ साली ब्रिटनच्या रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 'क्रिप्टोलॉजिया' या नियतकालिकात मांडली. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात डी. डी. व्हीलर यांनी तिच्यातली खोच दाखवली. गणितातला केऑस अनंत दशांश स्थळांवर उभा असतो. संगणकाला दशांश मोजकेच ठेवता येतात.

पैशापर्यंत पूर्णांक करण्याची सवय असलेल्या आम्हा बँकवाल्यांना हे पटकन पटते. मघाचीच रांग घ्या, पण प्रत्येक उत्तर दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवा. ०.३०, ०.८४, ०.५४, ०.९९, ०.०४, ०.१५, ०.५१, मग १.००, आणि मग शून्य. पुढे शून्याच्या मागे शून्यच. आठ पायऱ्यांत सारा केऑस विझला! संगणक दोनाऐवजी पंधरा-सोळा आकडे ठेवतो, म्हणून तिथे रांग लांब चालते. पण आकडे मोजके आहेत म्हटल्यावर ती केव्हातरी आपल्याच पावलांवर परत येणार, हे ठरलेले. आणि जी रांग फिरून फिरून तीच येते, ती कुलपाच्या कामाची नाही.

अंधारी आणि कुलूप

गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. कातळात खोदलेला खंदक ओलांडून वर जाताना 'अंधारी' लागते. हा काळोखी, वळणावळणांचा भुयारी मार्ग. शत्रूने तिथे चाचपडावे, वाट चुकावी, ही योजना. पाहणाऱ्याच्या अंगावर आजही काटा येतो. पण अंधारीचे सामर्थ्य एकाच गोष्टीवर उभे असते: शत्रूला वाट ठाऊक नसणे. एक फितूर, एक नकाशा, किंवा नुसती एक मशाल पुरेशी होते.

कुलपाचे तसे नसते. कुलूप कसे चालते हे गावातल्या प्रत्येक कुलूपवाल्याला ठाऊक असते, तरी तुमचे कुलूप तुमच्याच किल्लीने उघडते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली हेच तत्त्व गुप्तलेखनाला लावले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित असावे ते केवळ किल्लीत.

आमच्या वेळी तारेने रक्कम पाठवण्याची सोय होती. तार पोस्टातून जाई. तिच्यातला मजकूर वाटेत चार माणसे वाचत. तरीही पैसे योग्य जागी पोचत, कारण तारेत एक सांकेतिक आकडा असे. त्याला चेक सिग्नल म्हणत. रक्कम, तारीख, शाखा यांसाठी कुलुपातल्या पुस्तिकेत आकडे दिलेले असत. त्यांची बेरीज करून तो काढायचा. पलीकडचा अधिकारी आपल्या पुस्तिकेवरून तीच बेरीज करी. जुळली तर पैसे अदा, नाही तर खुलासा येईपर्यंत थांबा. त्या बेरजेने काही लपत नव्हते; निरोप खरोखर आमच्याच माणसाचा आहे, एवढे ती सांगत असे. निरोप झाकणे आणि निरोप खरा ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तारसेवा २०१३ साली बंद झाली. त्याआधीच २००४ साली आरटीजीएस आले होते, आणि २०१६ साली यूपीआय आले. पण ही दोन कामे तशीच आहेत.

आज ती कामे केऑसची मंडले करत नाहीत. १९७७ साली पुढे आलेली आरएसए आणि २००१ साली मानक म्हणून स्वीकारलेली एईएस यांसारख्या पद्धतींनी हे ओझे उचलले. या पद्धती पुस्तकांत छापलेल्या आहेत. जगभरच्या हुशार माणसांनी त्या फोडण्याचा वर्षानुवर्षे उघड प्रयत्न केला आहे, आणि त्यातून टिकल्या म्हणूनच त्यांच्यावर विश्वास. केऑसवर आधारलेल्या अनेक योजना अशा परीक्षेत टिकल्या नाहीत. २००६ साली गोन्झालो अल्वारेझ आणि शुजुन ली यांनी तर अशा योजना मांडणाऱ्यांसाठी नियमांची यादीच प्रसिद्ध केली: किल्ली कोणती ते स्पष्ट सांगा, किल्ल्यांची संख्या पुरेशी मोठी ठेवा, ठाऊक असलेले हल्ले स्वतःच करून पाहा. नुसते दिसायला विस्कटलेले आहे म्हणून सुरक्षित आहे, असे समजू नका, हे त्याचे सार.

मग हे सगळे श्रम वाया गेले का? तसे नाही. १९९८ साली अमेरिकेत ग्रेगरी व्हॅनविगरेन आणि भारतीय वंशाचे राजर्षी रॉय यांनी लेसरच्या बेताल प्रकाशात निरोप दडवून दाखवला. २००५ साली अथेन्स शहरात जमिनीखालच्या नेहमीच्या वापरातल्या १२० किलोमीटर काचतंतूंमधून असा निरोप सेकंदाला अब्जावधी खुणांच्या वेगाने गेला. आणि २००८ साली जपानी संशोधकांनी केऑसचा एक निराळाच उपयोग दाखवला. बेताल लेसरांपासून त्यांनी सेकंदाला १७० कोटी या वेगाने शून्य-एकचे यादृच्छिक आकडे मिळवले. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक भक्कम कुलपाला अशी किल्ली लागते जिचा अंदाज कुणाला बांधता येऊ नये. कुलूप म्हणून जिथे तिथे कमी पडलेला केऑस किल्ल्या घडवण्याच्या कामी आला. लेसरमधला प्रकाश खराखुरा आहे. दोन दशांशांवर त्याचे शून्य होत नाही.

पोत्यातले मीठ

देवगिरीची एक कथा सांगतात. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाने वेढा दिला, तेव्हा रामदेवरायाच्या माणसांनी घाईघाईने पोती गडावर चढवली. धान्य आहे म्हणून निर्धास्त राहिले. पोती उघडली तर आत मीठ. खंदक होता, कातळ होता, आणि गड वाकला तो न तपासलेल्या पोत्यांपुढे.

आपल्या मोबाइलवर येणारा सहा आकडी ओटीपी हा दहा लाख शक्यतांमधला एक असतो. तो काही क्षणांत ओळखणे चोराला परवडत नाही. म्हणून तो फोन करतो. बँकेतून बोलतो म्हणतो, पोलिसांचा आवाज काढतो, 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचे सांगतो. तशी अटक आपल्या कायद्यात नाही. तरी घाबरलेली माणसे आकडा सांगून मोकळी होतात. यात कुठलेही गणित फुटलेले नसते. कुलूप शाबूत असते. किल्ली आपण खिडकीतून दिलेली असते. त्यात म्हातारी माणसे असतात, तशीच शिकलेली तरुण मुलेही.

चेक सिग्नलच्या काळात आमच्या शाखांत एक शिस्त होती. बेरीज जुळली नाही तर समोर कितीही मोठा माणूस घाई करत असला, तरी पैसे द्यायचे नाहीत. आधी त्या शाखेला स्वतःहून विचारायचे. तीच शिस्त आता घराघरांत आणायला हवी. फोन ठेवायचा, बँकेचा क्रमांक पासबुकावरून पाहून आपण स्वतः लावायचा, आणि फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवायचे. हा रविवार सत्कारणी लावायचा असेल, तर मुलांना कॅल्क्युलेटरवर ती दोन दशांशांची रांग मांडून दाखवा आणि आठव्या पायरीला शून्य का आले ते त्यांनाच शोधू द्या. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ओटीपीची गोष्ट सांगा. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचे काम आहे.